रात्रीची वेणी आणि सकाळी पिंजारलेले केस

प्रश्न विचारणाऱ्या ताईंची अडचण थोडक्यात अशी आहे. केस कमरेच्या जरा वर, दाट आणि किंचित लहरी. राहायला ठाण्यात. सकाळी सहाच्या आत घर सोडावं लागतं, म्हणून केस रात्री जेवणं उरकल्यावर धुतात. टॉवेलने खसाखसा पुसायचे, कंगव्याने गुंता काढायचा, एक घट्ट वेणी घालायची आणि झोपायचं. सकाळी वेणी सोडून विंचरलं की केस दुप्पट फुगतात, हाताला राठ लागतात, टोकं चहूकडे उभी राहतात. शेवटी त्यांनी विचारलंय, ‘कुठलं सीरम लावू?’

सीरमबद्दल सांगतेच, पण नंतर. माझ्या पार्लरमध्ये ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक जणींच्या हातात एक-दोन सीरमच्या बाटल्या आधीच असतात आणि फरक पडलेला नसतो. मी त्यांना तीन गोष्टी विचारते. वेणी घालताना केस किती ओले होते, वेणी किती घट्ट होती, आणि सकाळी सोडल्यावर पहिल्यांदा केसाला काय लागलं, बोटं की कंगवा? उत्तर बहुतेक वेळा या तिन्हींतच सापडतं. वेणी घालून झोपणं ही सवय मुळात चांगली आहे. मोकळे केस रात्रभर उशीवर घासण्यापेक्षा वेणीत ते कितीतरी सुरक्षित असतात. म्हणून वेणी सोडून देऊ नका. केस वेणीत कोणत्या अवस्थेत जातात आणि वेणीतून कसे बाहेर येतात, एवढंच बदलायचं आहे.

आधी ओलेपणाचं बघू, कारण तुमच्या बाबतीत मला तेच सगळ्यात मोठं कारण वाटतंय.

केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या आतल्या साखळ्यांना धरून ठेवणारे काही बंध पक्के असतात, ते रसायनाशिवाय तुटत नाहीत. काही मात्र अगदी हलके असतात, त्यांना हायड्रोजन बंध म्हणतात. पाणी लागलं की हे हलके बंध सुटतात आणि केस वाळताना ज्या आकारात असेल त्याच आकारात पुन्हा जुळतात. ओलसर केसांची वेणी घालून सकाळी लाटा मिळतात त्या यामुळेच. पण त्यासाठी केस वेणीतच पूर्ण वाळायला हवेत. तुमच्या दाटीच्या केसांची रात्री साडेदहाला घातलेली ओली वेणी, ठाण्याच्या हवेत, पहाटे पाचपर्यंत आतून वाळत नाही. बाहेरचे पेड कोरडे लागतात, आत ओल तशीच असते. तुम्ही वेणी सोडता, उरलेला केस मोकळ्या दमट हवेत वाळायला लागतो आणि प्रत्येक केस आपापल्या दिशेने वळून बसतो. पिंजारणं म्हणतात ते हेच.

हे तपासायला सोपं आहे. उद्या उठल्यावर वेणी सोडण्याआधी मानेजवळचा सगळ्यात जाड भाग दोन बोटांत दाबून बघा. गार लागला तर तो ओला आहे, वरून कितीही सुका दिसला तरी.

दुसरं म्हणजे, ओला केस कमजोर असतो. पाण्यात पूर्ण भिजलेला केस स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी धरतो आणि त्याची जाडी १५ टक्क्यांच्या आसपास वाढते. केस फुगला की त्याच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म खवले थोडे उचलले जातात. अशा वेळी टॉवेलने खसाखसा घासणं, कंगवा ओढणं, पेड आवळणं आणि मग सात तास उशीवर घासणं, हे सगळं एकाच रात्रीत होतं. खवले झिजले की केस हाताला राठ लागतो. आठवड्यातून तीनदा हे घडत असेल तर काही महिन्यांत टोकांना फाटे फुटायला लागतात.

बऱ्याच जणींना वाटतं की ड्रायर म्हणजे नुकसान, आणि आपोआप वाळवणं म्हणजे सुरक्षित. हे नेहमी खरं नाही. दक्षिण कोरियात २०११ साली झालेल्या एका अभ्यासात आपोआप वाळवलेल्या आणि ड्रायरने वाळवलेल्या केसांची तुलना केली होती. ड्रायर फार जवळून, फार गरम वापरला तेव्हा केसाचा पृष्ठभाग जास्त खराब झाला. पण बराच वेळ ओल्या राहिलेल्या, आपोआप वाळलेल्या केसांत आतल्या पेशींना जोडणाऱ्या थराला इजा दिसली. १५ सेंटीमीटर अंतरावरून, ड्रायर सतत हलवत वाळवलेले केस त्यापेक्षा बरे होते. म्हणून रात्री धुण्यावाचून पर्यायच नसेल त्यांना मी ड्रायर वापरायलाच सांगते. कमी उष्णतेवर, वीतभर अंतरावरून, हात न थांबवता. आधी मुळं वाळवा. लांबी मुळांइतका वेळ मागत नाही, आणि टोकांना तर शेवटची दोन मिनिटं पुरतात.

त्याहून चांगला उपाय म्हणजे धुण्याची वेळ बदलणं. कामावरून आल्या-आल्या, स्वयंपाकाला लागण्याआधी केस धुवा. पंख्याखाली मोकळे ठेवा, कामं करताना सैल क्लिप लावा. उन्हाळ्यात झोपेपर्यंत ते वाळलेले असतील. पावसाळ्यात मात्र दाट, लांब केसांना पाच-सहा तासही पुरत नाहीत, तेव्हा शेवटी थोडा ड्रायर लागेलच. सुट्टीच्या दिवशी दुपारी एकदा आणि आठवड्याच्या मध्ये संध्याकाळी एकदा, असं दोन धुण्यांवर आणता आलं तर तेही बघा. टाळू फार तेलकट असेल किंवा रोजच्या प्रवासात घाम येत असेल तर दोन धुणी पुरणार नाहीत, तिथे माझा आग्रह नाही.

ओली वेणी टाळायला मी आणखी एका कारणाने सांगते. टाळू रात्रभर दमट राहिली की खाज आणि कोंड्याला आयतं निमित्त मिळतं. ज्यांना मुळात कोंड्याचा त्रास आहे त्यांनी तर केसांची मुळं पूर्ण कोरडी झाल्याशिवाय डोकं उशीला टेकवूच नये.

‘पण मला सकाळी लाटा हव्यात, मग कोरड्या केसांची वेणी घालून काय उपयोग?’ हा पुढचा प्रश्न येणारच. केस आधी पूर्ण वाळवा. मग झोपण्याआधी स्प्रेच्या बाटलीतून फक्त लांबीवर पाण्याचे दोन-चार हलके फवारे मारा, मुळांवर अजिबात नको. तळहातावर वाटाण्याएवढं लीव्ह-इन कंडिशनर (धुऊन न काढता केसांतच ठेवायचं) घेऊन लांबीला चोळा आणि वेणी घाला. एवढी ओल दोन तासांत उडते, हलके बंध वेणीतच पक्के होतात आणि सकाळी लाट टिकते. लाट हवी असो वा नसो, केस हाताला ओला लागत असेल तर वेणीला हात घालू नका, एवढं पथ्य पाळा.

आता वेणी कशी घालायची. झोपायची वेणी आणि बाहेर जायची वेणी या दोन वेगळ्या वेण्या आहेत. बाहेर जाताना आपण ती दिवसभर टिकावी म्हणून मुळापासून आवळतो. झोपताना तशी घातली तर कपाळावरचे आणि भांगाजवळचे केस रात्रभर ताणलेले राहतात. सतत ओढ बसून केस गळण्याचा प्रकार त्वचारोगतज्ज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९०७ साली ग्रीनलंडमधल्या, केस घट्ट बांधणाऱ्या बायकांमध्ये त्याची नोंद झाली होती. माझ्याकडे येणाऱ्या बायकांत मी तो बहुधा कानाच्या वर आणि कपाळाच्या कडेला बघते. तिथे केस विरळ होतात, आखूड तुटतात, आणि मग तेच आखूड केस उभे राहतात तेव्हा ‘फ्रिझ’ वाढला असं वाटतं. सकाळी टाळू दुखत असेल, केस सोडल्यावर हायसं वाटत असेल, तर वेणी घट्ट होती असं समजा.

म्हणून मानेपाशी, सैल सुरुवात करा. पहिले दोन पेड अगदी ढिले, पुढे थोडे नीट. सागरवेणी घालून झोपू नका, तिच्यात मुळापासून ओढ बसते. पेड जितके जाड, लाट तितकी मोठी आणि मोकळी. पेड जितके बारीक, तितक्या चुण्या जास्त. चुण्या पडलेले केस सकाळी हमखास फुगतात. तुम्हाला लाटा नकोच असतील, फक्त गुंता टाळायचा असेल, तर एकच सैल, जाड तीन पेडांची वेणी सगळ्यात योग्य. केसांना स्टेप कट किंवा लेअर्स असतील तर एका वेणीतून आखूड बटा बाहेर येतात आणि त्याच उशीवर घासून पिंजारतात. अशा वेळी दोन बाजूंना दोन सैल वेण्या घाला, आखूड बटा पेडात राहतात. खूप कुरळ्या केसांचं गणित निराळं आहे. त्यांना तीन पेडांपेक्षा दोन बटा एकमेकींभोवती पिळून केलेले चार-सहा सैल पीळ जास्त मानवतात, आणि त्यांनी सकाळी कंगवा हातातच घेऊ नये.

टोकाचं रबर बघा. पुड्यांना लावतात ते नुसतं रबर केसाला घट्ट चिकटतं आणि काढताना केस तोडतं. कापडी, जाड रबर घ्या, दोनच वेढे द्या, आणि टोकाला दोन-तीन बोटं शेपूट सोडा. त्या शेपटाला झोपण्याआधी खोबरेल तेलाचा एखादा थेंब चोळला तर टोकं सकाळी भुरभुरीत होत नाहीत. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे कमरेजवळची टोकं चार-पाच वर्षं जुनी असतात. त्यांनी इतकी वर्षं ऊन, शाम्पू, कंगवा सगळं सोसलेलं असतं. मुळाजवळच्या केसासारखी वागणूक त्यांना चालत नाही, त्यांना जास्त जपावं लागतं.

उशीचा अभ्रा सॅटिनचा किंवा रेशमी असेल तर फरक पडतो, हे मी खात्रीने सांगते. सुती कापड केसाला धरतं, गुळगुळीत कापडावरून केस सरकतो. महागडा रेशमी अभ्रा विकत घ्यायलाच हवा असं नाही. पॉलिएस्टरच्या सॅटिनचा साधा अभ्राही सरकण्याच्या बाबतीत चांगलं काम करतो, फक्त उन्हाळ्यात थोडं गरम होतं. घरात जुनी रेशमी साडी असेल तर तिच्या मधल्या भागाचा तुकडा उशीवर गुंडाळता येतो. काठ आणि जरीचा भाग मात्र बाहेर ठेवा, जर केसाला ओरखडते. वेणी पाठीखाली येऊ देऊ नका. झोपताना ती उशीच्या वरच्या बाजूला टाका, म्हणजे कूस बदलताना खांद्याखाली अडकत नाही.

आता सकाळ. इथे दोन मिनिटांत रात्रभराचं काम बिघडतं, म्हणून सविस्तर लिहिते.

वेणीत एका पेडातले केस एकाच वळणावर एकत्र बसलेले असतात, रेशमाच्या लडीतल्या धाग्यांसारखे. ती वळणं जुळलेली असतात तोवर लाट चमकते आणि केस गुळगुळीत दिसतात. कंगवा फिरवला की प्रत्येक केस शेजाऱ्यापासून सुटतो, त्याचं वळण शेजारच्या वळणाशी जुळत नाही, आणि मधे हवा भरते. केस खराब झालेला नसतानाही फुगलेला दिसतो तो यामुळे. लहरी केसांवर वेणीनंतर बारीक दातांचा कंगवा फिरवणं म्हणजे फुगवटा ओढवून घेणं.

म्हणून वेणी खालून वर सोडा, वरून ओढू नका. पेड मोकळे झाले की केस पाच मिनिटं तसेच पाठीवर राहू द्या. तोवर चहा घ्या, कपडे बदला. मग तळहातावर दोन थेंब सीरम किंवा अगदी एक थेंब खोबरेल घेऊन तळवे एकमेकांवर नीट चोळा, आणि बोटांनी केस मोठ्या बटांत वेगळे करा. खालच्या लांबीपासून सुरुवात करा, भांगाकडे शेवटी या, आणि भांगाला उरलेसुरले नुसते हात लावा. केस विंचरण्याची वेळ रात्री, वेणी घालण्याआधी. तेव्हा मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकांकडून वर जात गुंता काढा. सकाळी गुंता असूच नये, आणि असला तर तेवढीच बट ओलसर हाताने धरून सोडवा.

ऑफिसला अगदी सरळ, चोपून बसवलेले केस लागत असतील तर वेणी तुम्हाला ते देणार नाही. लहरी केसांची वेणी घालून मग सरळ विंचरण्यात रोजची झटापट आहे. त्यापेक्षा सकाळी पुन्हा सैल वेणी किंवा मानेवर अंबाडा बांधून निघा, पोहोचल्यावर हवं तर सोडा. आपल्या आया-आज्या रात्री वेणी घालायच्या आणि त्यांचे केस छान राहायचे, असं मला पुष्कळ जणी सांगतात. ते खरं आहे, पण त्यांच्या केसांना तेल असायचं, आणि सकाळी केस मोकळे सोडण्याचा प्रश्नच नसायचा. विंचरून लगेच दुसरी वेणी. फुगलेले केस दिसायला वेळच मिळत नसे.

तेलाचा विषय निघालाच आहे तर सांगते. खोबरेलाचा केसांना उपयोग होतो ही घरगुती समजूत प्रयोगशाळेतही टिकली आहे. मुंबईतल्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केस धुताना, विंचरताना त्यातून जे प्रथिन निघून जातं ते खोबरेलामुळे लक्षणीय कमी झालं, बाकी दोन तेलांमुळे तसं झालं नाही. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असतो, तो केसाच्या आत शिरतो, आणि मग केस पाण्यात कमी फुगतो. म्हणून तेल धुण्याच्या आधी लावा, दोन तास किंवा आदल्या रात्रभर, तेही लांबीवर. धुतल्यानंतर टोकांना थेंबभर पुरे. धुतलेल्या ओल्या केसांवर भरपूर तेल थापून वेणी घातली तर सकाळी केस राठ नसतील, पण चिकट असतील, आणि मग पुन्हा शाम्पू. कोंडा असलेल्यांनी टाळूवर तेल रात्रभर ठेवू नये.

शाम्पू टाळूला लावा, कंडिशनर कानाच्या खाली. कंडिशनर लावलेलं असतानाच बोटांनी गुंता काढा, त्या वेळी केस सर्वात निसरडे असतात आणि कमी तुटतात. पुसताना टॉवेल बाजूला ठेवा. मऊ पंचा किंवा जुना टी-शर्ट घेऊन केस मुठीत दाबून पाणी टिपा.

आता सीरम. सीरम केसाच्या पृष्ठभागावर पातळ थर देतं, बाहेरची दमट हवा आत जायला थोडा अडथळा करतं आणि घर्षण कमी करतं. ते केस दुरुस्त करत नाही. सिलिकोन असलेलं कुठलंही बऱ्यापैकी सीरम चालेल, किमतीवर जाऊ नका. पावसाळ्यात मात्र ग्लिसरीन जास्त असलेली क्रीम आणि जेल टाळा. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्या किनारपट्टीच्या जुलै-ऑगस्टमध्ये ते केसाला नको इतकं पाणी देतं. नागपूर-अकोल्याकडच्या कोरड्या हवेत राहणाऱ्यांना हीच क्रीम वेगळी वागेल. त्यांची तक्रार बहुतेक वेळा फुगण्याची नसते, केस उडण्याची आणि कंगव्याला चिकटण्याची असते. तिथे कंडिशनर थोडं जास्त आणि वेणी घालण्याआधी लीव्ह-इन हवंच.

काही गोष्टी तुमच्या लिहिण्यातून मला कळल्या नाहीत, आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. तुमच्या इमारतीत पाणी नळाचं येतं की बोअरवेलचं? जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसावर बसत राहतं, केस बोजड आणि खरखरीत होतो, आणि मग वेणी कितीही नीट घातली तरी राठपणा जात नाही. तसं असेल तर शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घ्या आणि महिन्यातून एक-दोनदा क्लॅरिफायिंग शाम्पू (केसावर साचलेले थर काढणारा) वापरा, त्यावर कंडिशनर न चुकता. केसांना रंग, ब्लीच किंवा स्मूदनिंग केलंय का? केलं असेल तर टोकांचे खवले आधीच गेलेले असतात. तिथे वेणीच्या पद्धतीने अर्धाच फरक पडेल, उरलेला कात्रीने. फाटे फुटलेली टोकं कुठल्याच उत्पादनाने जुळत नाहीत. दोन-तीन बोटं कापून टाका, हळहळ वाटली तरी.

आणि एक. हा राठपणा गेल्या काही महिन्यांतच अचानक आला असेल, सोबत केस जास्त गळत असतील, थकवा असेल, त्वचा कोरडी पडली असेल, पाळी पुढेमागे होत असेल, तर वेणीचा विचार बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जाऊन थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. थायरॉईड कमी काम करत असेल तर केस खरोखर राठ होतात. पार्लरमध्ये त्यावर इलाज नाही, आणि असं दिसलं की मी कुणालाही ट्रीटमेंट विकत नाही, आधी तपासणीला पाठवते. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी केस गळून कपाळाच्या कडेला बारीक नवे केस उभे राहतात, ते मात्र खराब झालेले केस नव्हेत. ते वाढू द्या, त्यांना रबरात ओढून बसवू नका.

सगळं एकदम बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. पहिले दोन आठवडे फक्त धुण्याची वेळ बदला आणि सकाळी कंगवा बंद करा, बाकी सगळं आहे तसंच ठेवा. फुगणं कमी झालं पण टोकं राठच राहिली, तर अभ्रा आणि तेलाकडे वळा. त्यानेही हाताला खरखर लागतच राहिली तर पाण्याचं उत्तर इथे लिहा, आणि केसांवर शेवटचं रासायनिक काम कधी झालं तेही. मग पुढचं सांगते.